झीन मेळा भरवायचाय? आधी टेबलामागे बसणारे शोधा

स्वतः लिहायचं, स्वतः चितारायचं, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात पन्नास-शंभर प्रती काढायच्या, मधोमध दोन पिना मारायच्या आणि विकायलाही स्वतःच बसायचं. अशा पुस्तिकेला झीन म्हणतात. त्यातली गोष्ट चौकटींतून सांगितली असेल तर ते मिनीकॉमिक. आपल्याकडे हा प्रकार परका नाही. शाळेतलं हस्तलिखित, कॉलेजच्या जिन्यातलं भित्तिपत्रक, साठच्या दशकात सायक्लोस्टाइलवर निघालेली लघुअनियतकालिकं ही सगळी याच घराण्यातली. मुंबईचा बॉम्बे झीन फेस्ट किंवा वेगवेगळ्या शहरांत भरणारा इंडी कॉमिक्स फेस्ट पाहून आलेल्या प्रत्येकाला परतीच्या गाडीत वाटतंच, की आपल्या गावात हे का नाही?

पुण्यात असा एक छोटा मेळा भरवणाऱ्या गटात मी काही वर्षं आहे. कोल्हापूर, नाशिक, सोलापूरकडून फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते आहे.

आकाराची चिंता आधी सोडा. टोकियोच्या ज्या कॉमिकेटला, म्हणजे स्वतः छापलेल्या कॉमिक्सच्या मेळ्याला, आज लाखोंची गर्दी होते, तो पहिल्यांदा २१ डिसेंबर १९७५ ला भरला तेव्हा ३२ गट होते आणि आले होते साधारण सातशे लोक. तुमच्याकडे पंधरा टेबलं लागली तरी मेळा झाला. आणि एक सवय लावून घ्या. जागा, पैसा, वेळ, काहीही ठरवताना टेबलामागे खुर्ची टाकून बसल्याची कल्पना करा आणि तिथून बघा. येणारा पाहुणा वीस मिनिटांत फिरून जातो. टेबलामागचा आठ तास तिथे असतो, आणि पुढच्या वर्षी मेळा होणार की नाही हे त्याच्यावरच ठरतं.

१. हॉल बघण्याआधी माणसं मोजा (चार-पाच महिने आधी)

नवखे लोक सगळ्यात आधी हॉल बघायला जातात. मग अनामत भरून झाल्यावर कळतं की गावात झीन करणारी माणसं सहाच आहेत. म्हणून आधी यादी. कला महाविद्यालयातली मुलं हा पहिला साठा. पुण्यात अभिनव, कोल्हापुरात कलानिकेतन, आणि जिथे जीडी आर्ट किंवा एटीडीचे, म्हणजे चित्रकलेच्या किंवा कलाशिक्षकाच्या पदविकेचे, वर्ग असतील तिथे. पण तेवढ्यावर थांबू नका. शाळेत दरवर्षी हस्तलिखित काढणाऱ्या बाई, ट्रेकिंग ग्रुपमधला नकाशे काढणारा, इन्स्टाग्रामवर चार चौकटींची चित्रं टाकणारी फार्मसीची विद्यार्थिनी, स्वतःच्या कविता छापून वाटणारे बँकेतले निवृत्त काका, हे सगळे धरा. काकांना ‘झीन’ म्हणू नका, ‘तुमच्या पुस्तिका घेऊन या’ म्हणा. लगेच येतात.

यादीत वीस नावं जमली नाहीत तर मेळ्याची तारीख ठरवू नका. त्याऐवजी दोन-तीन कार्यशाळा घ्या, म्हणजे लोक तयार होतील. ग्रंथालयाच्या वाचनकक्षात रविवारी सकाळी दहा ते एक एवढा वेळ पुरतो. एका ए-फोर कागदाचं आठ पानी झीन शिकवायचं: कागद आडवा ठेवून लांबीच्या बाजूने मधोमध एक घडी, मग लांबीचे चार सारखे भाग पडतील अशा आडव्या घड्या, उलगडल्यावर आठ चौकोन. मधल्या लांब रेघेवर फक्त मधल्या दोन भागांएवढं कापायचं, कागद पुन्हा लांबीत दुमडायचा आणि दोन्ही टोकं आत ढकलायची. पुस्तिका तयार, पिन नको, गोंद नको. पानांचा क्रम पाठ करायला लावू नका. कोरी पुस्तिका घडवून तिच्यावर पेन्सिलीने आकडे टाकायचे आणि मग उलगडायची. कुठलं पान उलटं येतं ते आपोआप दिसतं.

तीन तासांत माणूस काहीतरी पुरं करून घरी जातो. कार्यशाळेला आलेल्यांतले बरेचजण पुढे अर्ध्या टेबलाचा (एका टेबलावर दोघे बसतात) अर्ज भरतात.

२. तारीख

पाऊस टाळा. जुलै-ऑगस्टात कागद दमट होतो, मुखपृष्ठं वळतात, आणि बाहेरगावचा माणूस पोती भरून पुस्तिका घेऊन एसटीने येत असेल तर त्याचे हाल. ऑक्टोबरात दिवाळी अंकांची गडबड असते. १९०९ पासून मराठी वाचक त्या दिवसांत अंकच विकत घेतो आहे, तिथे स्पर्धा करू नका. मार्चनंतर परीक्षा आणि ऊन.

उरतात डिसेंबरचा उत्तरार्ध आणि जानेवारी. इथे पंचांग तुमच्या बाजूने आहे: पौषात लग्नाचे मुहूर्त कमी, त्यामुळे मंगल कार्यालयं रिकामी असतात आणि मालक घासाघीस ऐकून घेतो. पितृपक्षातही भाडं उतरतं, पण तेव्हा गणपती नुकतेच गेलेले असतात आणि लोक दमलेले असतात. तारीख पक्की करण्याआधी स्थानिक कला महाविद्यालयाचं वार्षिक प्रदर्शन, शहरातला मोठा पुस्तक महोत्सव आणि निवडणुका बघून घ्या. आचारसंहिता लागली की सरकारी आणि महापालिकेच्या जागांचं काहीच सांगता येत नाही.

३. जागा

पर्याय साधारण चार: महापालिकेचं कलादालन, शाळेचा हॉल, ग्रंथालय, मंगल कार्यालय. कलादालन दिसायला उत्तम, पण ती भिंतीवर चित्रं टांगण्यासाठी असतात. टेबलं आत न्यायला परवानगी आहे का, आणि आत विक्री चालते का, हे दोन्ही लेखी विचारा. बऱ्याच ठिकाणी प्रदर्शन चालतं, गल्ला चालत नाही. शाळा स्वस्त, पण बाकं लहान मुलांच्या उंचीची. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी छोटं मंगल कार्यालय घ्या. टेबल-खुर्च्या तिथेच, स्वच्छतागृहं पुरेशी, पाणी आहे, आणि चहावाला कुठे बसवायचा यावर वाद नाहीत. झुंबर आणि मखमली पडदे दिसतात, ते सहन करायचे.

हॉलचं माप स्वतः टेपने घ्या. समजा हॉल तीस फूट बाय पन्नास फूट आहे. टेबल साधारण सहा फूट लांब, अडीच फूट रुंद. दोन्ही लांब भिंतींना सहा-सहा आणि मागच्या भिंतीला तीन, अशी पंधरा टेबलं आरामात बसतात. प्रत्येकाच्या मागे खुर्चीला तीन फूट सोडायचे. मग कुणीतरी म्हणतंच, की मध्ये अजून दोन रांगा पाठीला पाठ लावून टाकू. हिशोब करा: भिंतींकडच्या रांगांनी साडेपाच-साडेपाच मिळून अकरा फूट खाल्ले, मधल्या जोडरांगेला खुर्च्यांसकट किमान नऊ फूट हवेत, उरले दहा, म्हणजे दोन्ही बाजूंना पाच-पाच फुटांची गल्ली. दोन माणसं टेबलापाशी वाचत उभी राहिली की तिसरा अडकला, आणि व्हीलचेअर तर फिरतच नाही. मध्ये टेबलं टाकूच नका. तिथे सतरंजी आणि दोन बाकं ठेवा, विकत घेतलेलं लोकांना बसून वाचू द्या.

जागा बघताना हे तपासायचं:

- हॉलच्या सगळ्यात आतल्या कोपऱ्यात मोबाइलचं नेटवर्क येतं का? तळघरातल्या हॉलमध्ये यूपीआय अडकतं आणि विक्री तिथेच मरते. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं घेऊन जा.
- पायऱ्या किती, लिफ्ट चालू आहे का.
- प्लग पॉइंट कुठे, आणि वायर लोकांच्या पायात येणार का.
- भाड्यात काय धरलंय: वीज, सफाई, टेबलावरची झालर, आदल्या संध्याकाळी सामान ठेवायची मुभा.
- जागामालक जीएसटीत नोंदलेला असेल तर भाड्यावर १८ टक्के वेगळे. तोंडी सांगितलेल्या आकड्यात ते धरलेत का, हे पावती फाडताना नव्हे, आधी विचारा.

४. पैसा

खालचे आकडे समजुतीपुरते आहेत, तुमच्या गावचे दर टाकून पुन्हा मांडा.

पंधरा टेबलं म्हणजे तीस अर्धी टेबलं. त्यातली चार परवडत नसलेल्यांसाठी मोफत. सव्वीस अर्ध्या टेबलांचे प्रत्येकी ४०० रुपये, जमा १०,४००. हॉल ८,००० अधिक जीएसटी १,४४०; जादा टेबल-खुर्च्या आणि झालर ३,०००; पोस्टर-बिल्ले १,५००; चहा-पाणी १,२००. खर्च १५,१४०. तूट ४,७४०. आता मेळ्याआधीच्या तीन कार्यशाळा आठवा. प्रत्येकी पंधरा जण आणि १५० रुपये शुल्क धरलं तर ६,७५० येतात, सामानाचे १,५०० वजा जाता ५,२५०. तूट भरली, वर पाचशे दहा रुपये शिल्लक.

टेबलभाडं वाढवून तूट भरायचा मोह होईल. टेबलामागून बघा: त्याचं झीन ५० रुपयांचं आहे, छपाईला १६ गेले, सुटतात ३४. चारशे रुपये वसूल व्हायला बारा प्रती विकाव्या लागतात. भाडं आठशे केलंत तर चोवीस. पहिल्यांदा बसणाऱ्या माणसाला बारा जमतात, चोवीस अवघड.

प्रवेश मोफत ठेवा. वीस रुपयांचं तिकीट लावलं तर आत येणाऱ्याला वाटतं पैसे देऊन झाले, आणि तो आत काही घेत नाही. प्रायोजक घ्यायचा तर कागदवाला, स्टेशनरीवाला, झेरॉक्सवाला असा, आणि रोख मागण्यापेक्षा माल मागा. पन्नास रीम कागद मिळाला तर कार्यशाळा वर्षभर चालतात.

पावतीपुस्तक छापून वर्गणी मात्र गोळा करू नका. गणेश मंडळं धर्मादाय आयुक्तांकडून ‘कलम ४१ क’ची परवानगी घेतात ती याचसाठी. तुम्ही टेबलभाडं आणि कार्यशाळेचं शुल्क घ्या, म्हणजे तो प्रश्नच येत नाही. गटाची नोंदणी नसेल तर एकाच्या नावावर वेगळं बचत खातं ठेवा किंवा एखाद्या ग्रंथालयाच्या खात्यातून व्यवहार करा. घरखर्चाच्या खात्यात टेबलभाडं मिसळलं की मैत्री तुटते.

५. कागदपत्रं आणि परवानग्या

जवळ ठेवायची फाइल:

- हॉलच्या आरक्षणाची पावती आणि आत विक्रीला परवानगी असल्याचं पत्र
- स्थानिक पोलीस ठाण्याला दिलेल्या माहितीपत्राची पोच
- ध्वनिक्षेपक लावणार असाल तर त्याची पोलीस परवानगी
- आयोजकांपैकी दोघांची ओळखपत्रं
- टेबलधारकांची यादी, फोन आणि त्यांनी सही केलेले नियम
- खर्चाच्या सगळ्या पावत्या

स्पीकरची गरज असते का? फारशी नाही. लोक बोलत असतात, तेच हवं असतं. ध्वनिमुद्रित गाणी लावली तर त्यांचे परवाने वेगळे, तो व्याप कशाला.

नोंदणीबद्दल हमखास विचारलं जातं. १८६७ चा जुना कायदा जाऊन नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला. ठरावीक मुदतीने निघणारी आणि बातम्या किंवा घडामोडींवरचं भाष्य छापणारी प्रकाशनं त्यात येतात. मनाला येईल तेव्हा निघणारं मांजरांचं मिनीकॉमिक येत नाही. कुणी दरमहा गावच्या राजकारणावर चार पानं काढून त्याला ‘मासिक’ म्हणत असेल, तर त्याने वकिलाला विचारावं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, सक्तीचा नाही. हवा असेल तर सरकारी संस्थेकडून फुकट मिळतो, पण झीनला त्याची गरज पडत नाही. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे. स्टिकर, बिल्ले, टी-शर्ट यांच्यावर तो असतो, पण वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत असलेल्या महाराष्ट्रातल्या लहान विक्रेत्याला सहसा नोंदणी लागत नाही. झीनवाला चाळीस लाखांच्या आसपास पोचला तर आपण सगळे त्याच्याकडे जेवायला जाऊ.

आणि हो, मलपृष्ठावर ‘फक्त खाजगी वितरणासाठी’ असं हौसेने छापतात आणि खाली किंमत पन्नास रुपये. दोन्हींपैकी एक ठेवा. प्रकाशकाचं नाव आणि गाव मात्र जरूर छापा, त्याचा पोस्टात उपयोग होतो. ते पुढे येईल.

६. अर्ज आणि निवड (तीन महिने आधी)

अर्ज एका पानाचा हवा. नाव, गाव, फोन, काय आणणार, अर्ध टेबल की पाव, मोफत जागा हवी का (कारण विचारू नका), आणि पुस्तिकेच्या दोन पानांचे फोटो. अजून काहीच छापलेलं नसेल तर ‘काय करायचं डोक्यात आहे’ अशी एक ओळ चालेल. पहिल्यांदा बसणाऱ्यांचं झीन बहुधा मेळ्याच्या आदल्या रात्रीच छापून होतं.

जागेपेक्षा अर्ज जास्त आले तर परीक्षक मंडळ नेमू नका, चिठ्ठ्या टाका. यावर आमच्या गटात दरवर्षी वाद होतो आणि मी दरवर्षी चिठ्ठ्यांच्या बाजूने बोलते. परीक्षक आले की सफाईदार चित्रं निवडली जातात, आणि चौथीतल्या मुलाचं ‘आमच्या चाळीतली भुतं’ बाहेर राहतं. ते पाहायला तर लोक येतात. निम्म्या जागा पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी, उरलेल्या सगळ्यांसाठी. मुलांच्या हातून हॉलमध्येच चिठ्ठ्या काढून त्याचा व्हिडिओ टाका, म्हणजे कुजबुज होत नाही.

सगळ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप गट करा, पण त्यात फक्त आयोजकांनाच लिहिता येईल असं ठेवा. नाहीतर सुप्रभात संदेशांत टेबलाचे क्रमांक हरवतात.

बाहेरगावचे जे येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी ‘पोस्टाने आलेलं’ असं एक टेबल ठेवा, प्रत्येकाच्या दहा प्रती, विक्री स्वयंसेवक करतील. पाठवायला पोस्टाची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा आहे. १ मे २०२५ पासून सुरू झाली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. यात जाहिरातबाजीचं साहित्य चालत नाही आणि पुस्तिकेवर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव लागतं. जमिनीवरून जाते, वेळ लागतो, म्हणून तीन आठवडे आधीची तारीख द्या.

७. छपाईची मदत (दोन महिने आधी)

हे आयोजकाचं काम नाही असं वाटेल. पण रिकामी टेबलं टाळायची असतील तर हेच मुख्य काम आहे. टेबल मिळाल्यावर माणूस घाबरतो तो छपाईला. गावातल्या दोन दुकानदारांशी बोलून ठेवा आणि सगळ्यांना हे सांगा:

पानांची संख्या चारच्या पटीत. सोळा पानी ए-फाइव्ह पुस्तिका म्हणजे चार ए-फोर कागद, दोन्ही बाजूंनी छापलेले, एकूण आठ बाजू. बाजूला दोन रुपये पडले तर प्रत सोळा रुपयांना. दोन्ही बाजू छापताना यंत्रावर आखूड कडेवर पान उलटण्याची सेटिंग निवडायची, नाहीतर मागची बाजू डोक्यावर उभी येते. एक प्रत काढा, दुमडा, वाचा, मगच शंभर सांगा.

चारही बाजूंना किमान पाच मिलिमीटर कोरे सोडा. झेरॉक्स यंत्र कडेपर्यंत छापत नाही. घडीवर गडद काळा भाग आला तर टोनर तडकतो आणि पांढरी रेघ दिसते. पेन्सिलीच्या फिक्या छटा झेरॉक्समध्ये डागासारख्या येतात, त्याऐवजी रेघांचं शेडिंग करा. जलरंग झेरॉक्सवर वाया.

मराठी मजकूर असेल तर फाइल कधीच वर्डमध्ये देऊ नका. दुकानाच्या संगणकावर तुमचा फाँट नसतो. जोडाक्षरं फुटतात, रफार उडतो, आणि ते कळतं शंभर प्रती निघाल्यावर. फाँट आत बसवलेली पीडीएफ द्या, किंवा अक्षरांचं चित्रात रूपांतर करून द्या. सगळ्यात सोपं म्हणजे हाताने लिहा. मिनीकॉमिकला हस्ताक्षर शोभतंच.

दीड-दोनशेपेक्षा जास्त प्रती हव्या असतील तर क्लासेसच्या प्रश्नपत्रिका रिझोग्राफ यंत्रावर छापतो तो रिझोवाला गाठा. मास्टर, म्हणजे छपाईचा साचा, एकदाच बनतो, त्यामुळे प्रती वाढतील तसा दर पडतो. एका वेळी एकच रंग, दुसरा हवा तर कागद पुन्हा यंत्रातून काढायचा. त्यात रंग अर्धा मिलिमीटर सरकतो. अशा सरकलेल्या प्रती आधी विकल्या जातात, का ते विचारू नका.

आतल्या पानांना ७५ किंवा ८० जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप) कागद, मुखपृष्ठाला १५० च्या आसपास. त्याहून जाड मुखपृष्ठ पुस्तिका उघडूच देत नाही.

सगळ्यांना मिळून वापरता येतील अशी हत्यारं एका पेटीत ठेवा: लांब हाताचा स्टेपलर दोन, २४/६ च्या पिना, स्टीलची फूटपट्टी, कटर आणि जादा पाती, कापायची चटई, घडी दाबायला स्टीलचा चमचा, दुतर्फी टेप, मार्कर. मेळ्याच्या सकाळी या पेटीभोवती गर्दी असते.

८. काय चालेल, काय नाही

नियम एका पानावर लिहून अर्जासोबतच द्या.

दुसऱ्याचं चित्र किंवा मजकूर छापून विकता येणार नाही. भारतात साहित्यावरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११ पासून खुलं आहे, त्यावर कॉमिक करा. पु. ल. २००० साली गेले. म्हणजे २०६० संपेपर्यंत थांबा किंवा परवानगी आणा. पुलंचं वाक्य आणि शेजारी हार्मोनियम, असं झीन दरवर्षी एक तरी येतं.

प्रौढांसाठीचं काही असेल तर पाकिटात बंद आणि वर स्पष्ट सूचना. लहान मुलांच्या हाती अश्लील साहित्य देणं हा गुन्हा आहे, आणि मेळ्यात मुलं सगळीकडे हात घालतात. द्वेष पसरवणारं, जातिधर्मावरून हिणवणारं काही नको. शंका असेल तर प्रत्येक प्रकाशनाची एक नमुना प्रत आठवडाभर आधी मागवा. कॉमिकेटमध्येही नमुना प्रत तपासतात. हे दोघांनी मिळून बघायचं, एकट्याने निर्णय घेतला की आरोप होतात. वाचायचं ते आवड म्हणून नव्हे, नियम म्हणून. न आवडलेलं झीन रोखायचा अधिकार तुम्हाला नाही.

९. प्रसिद्धी

भिंतींवर पोस्टर चिकटवू नका. १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरणाचा कायदा आहे. रस्त्यात फ्लेक्सही नको. दुकानाच्या काचेच्या आतून लावायला विचारा, बहुतेक हो म्हणतात: झेरॉक्स, चित्रकला साहित्य, पुस्तकांची दुकानं, अमृततुल्य. पुण्यात अप्पा बळवंत चौकातली दहा दुकानं पुरतात. वर्तमानपत्राच्या स्थानिक पुरवणीतल्या ‘आजचे कार्यक्रम’ सदराला चार ओळींची बातमी पाच दिवस आधी द्या. इन्स्टाग्रामवर मेळ्याचं बोधचिन्ह फिरवण्यापेक्षा रोज एका टेबलधारकाची ओळख टाका, तो स्वतःच ती नातेवाइकांना पाठवतो. निम्मी गर्दी नातेवाइकांचीच असते आणि ती खरेदी करते.

१०. मेळ्याचा दिवस

वेळ ११ ते ७. टेबलधारकांना साडेनऊला बोलवा, नाष्टा द्या. पोहे संपले की मांडणी आपोआप सुरू होते.

अर्ध्या टेबलाच्या जोड्या लावताना एकटा आलेला आणि दुसरा एकटा आलेला शेजारी बसवा, म्हणजे एकमेकांचं टेबल राखतील. तरीही दोन स्वयंसेवक फक्त ‘टेबल राखायला’ हवेत. आठ तासांत माणसाला जेवायचं असतं, स्वच्छतागृहात जायचं असतं आणि मुख्य म्हणजे बाकीची टेबलं बघायची असतात. पहिला एक तास, १० ते ११, दारं बंद ठेवून फक्त टेबलधारकांच्या अदलाबदलीला द्या. माझं झीन घे, तुझं दे. दिवसातला सगळ्यात आनंदाचा तास हाच.

पैशासाठी प्रत्येक टेबलाला ज्याच्या त्याच्या खात्याचा क्यूआर. आयोजकांच्या एकाच क्यूआरवर सगळ्यांची विक्री घेऊ नका, संध्याकाळी कुणाचे किती यात रात्र जाते. दहा आणि वीसच्या नोटांचे दोन हजार रुपये सुट्टे आयोजकांच्या टेबलावर ठेवा.

पाहुण्यांसाठी दारावर तीन ओळींची पाटी: हाताळा, पण आतल्या पानांचे फोटो नको. किंमत हाताने बनवलेल्या वस्तूची आहे, घासाघीस नको. चहा घेऊन टेबलाजवळ नको. पुण्यात दुसरी ओळ ठळक अक्षरांत लिहावी लागते. फोटोंचं मनावर घ्या. सोळा पानांची पुस्तिका मोबाइलमध्ये टिपून, हसून, खाली ठेवून निघून जाणारे भेटतात. नवख्या माणसाला तोंडावर बोलता येत नाही, ते स्वयंसेवकाने बोलायचं.

भाषणं, दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुणे ठेवू नका. नगरसेवकांना आमंत्रण जरूर द्या, पण पाहुणे म्हणून. सत्कार झाला की शाल-श्रीफळात पाऊण तास जातो आणि तेवढा वेळ सगळी टेबलं गिऱ्हाइकाकडे पाठ करून मंचाकडे बघत बसतात.

११. आवराआवर आणि नंतरचा आठवडा

हॉल रिकामा करताना मालकाच्या माणसासोबत फिरून टेबल-खुर्च्या मोजून द्या आणि त्याच वेळी अनामत परत मागा. ‘उद्या या’ म्हणाला तर तारीख घालून लिहून घ्या.

पोस्टाने आलेल्या टेबलाचा हिशोब तीन दिवसांत, न विकलेल्या प्रतींसकट. त्या परत हव्यात की ग्रंथालयाला द्यायच्या, हे अर्जातच विचारलेलं असलं पाहिजे. एकूण जमाखर्च आठवड्याच्या आत गटावर टाका, शिल्लक पाच रुपये असली तरी.

प्रत्येक टेबलाकडून दोन प्रती मागून घ्या. विकत घेतल्यात तर उत्तम. एक स्थानिक ग्रंथालयाला, एक मेळ्याच्या संग्रहाला. संग्रह घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत ठेवा. पुठ्ठ्याच्या खोक्यात कसर लागते, आणि झेरॉक्सच्या पानांवर ओल आली की ती एकमेकांना चिकटतात. पेटीवर वर्ष लिहा, आत टेबलधारकांची यादी टाका.

एक प्रश्नावली पाठवा, तीनच प्रश्नांची: किती प्रती विकल्या, टेबलभाडं सुटलं का, पुढच्या वर्षी बसाल का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर निम्म्याहून जास्त जणांकडून ‘नाही’ आलं तर पुढच्या वर्षी हॉल लहान घ्या आणि भाडं उतरवा.